वाचनवहीत पुस्तकाची किंमत लिहिणारा मुलगा

ठाण्याहून एका आईचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, सगळं देत नाही, मुद्द्याचं तेवढं देते:

"ताई, माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत, इंग्लिश मीडियम. लहान असताना रोज रात्री गोष्ट वाचून दाखवल्याशिवाय झोपायचा नाही, एकेक गोष्ट तीन-तीनदा वाचायला लावायचा. दुसरीत त्याला स्वतःला वाचता यायला लागलं तसं मी वाचून दाखवणं थांबवलं, म्हटलं आता स्वतः वाचू दे. आणि आता पुस्तक म्हटलं की याच्या पोटात दुखतं. मी रोज वीस मिनिटांचा टायमर लावते, एक वाचनवही केलीय, त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, पात्रं, सारांश आणि तात्पर्य लिहायचं. परवा वही तपासली तर त्याने सारांश म्हणून पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला, शेवटी 'किंमत साठ रुपये' सकट. स्वतःहून वाचतो ते फक्त क्रिकेटची माहिती आणि कॉमिक्स. मराठी तर नकोच म्हणतो. आम्ही दोघं मराठी शाळेत शिकलेलो, वाचनालयाची पुस्तकं खाऊन मोठे झालेलो. शेजारची मुलगी याच्याच वयाची, जाडजूड पुस्तकं वाचते. माझं कुठे चुकतंय?"

अहो, आधी एक कबूल करते, ते साठ रुपये वाचून मी घरात एकटीच खो खो हसले. तुम्हाला त्या क्षणी रडू आलं असेल, ते समजू शकते, पण तुमचा मुलगा ढ नाहीये आणि आळशीही नाहीये एवढं या एका गोष्टीवरून मला कळलं. त्याला तुम्ही एक फॉर्म भरायला दिलात, त्याने तो कमीत कमी कष्टात भरून टाकला, आपण बँकेत केवायसीचा फॉर्म भरतो तसा. फॉर्म भरायला मजा येते का कुणाला?

आणि ते तात्पर्य! आपल्याकडे गोष्ट संपली की तात्पर्य आलंच पाहिजे ही खोड कुठून लागली देव जाणे, इसापाच्या मागून आली असावी. मी नऊ वर्षं एका छोट्या वाचनालयाचा बालविभाग सांभाळला, शनिवारी संध्याकाळी पोरं यायची. एकदा एका मुलाने पुस्तक परत आणलं, त्याच्या आजोबांनी काउंटरवरच विचारलं, "काय शिकलास यातून?" मुलगा एका श्वासात म्हणाला, "खोटं बोलू नये." पुस्तक होतं डायनासोरचं. पोरांना पक्कं माहीत असतं की या प्रश्नाला दोन-तीन ठरलेली उत्तरं असतात, खोटं बोलू नये, एकीचे बळ, आळस वाईट, यातलं एक फेकलं की सुटका. तुमच्या वहीतसुद्धा बघा, माझी पैज आहे, हीच तीन आलटून पालटून असतील.

पण तुम्हाला हसतेय म्हणून मी फार शहाणी असं समजू नका, मी याहून मोठा गाढवपणा केलेला आहे. माझी मुलगी तिसरीत असताना, म्हणजे २००६ चा उन्हाळा, आम्ही नाशिकला होतो. मी फ्रिजवर चार्ट लावला, एक पुस्तक वाचलं की एक चांदणी, चाळीस चांदण्या झाल्या की सायकल. मी बालविभागवाली बाई, माझी मुलगी वाचत नाही म्हणजे नाकच कापलं जाणार ना, तर तो सगळा थाट. पोरीने चाळीस पुस्तकं संपवली, जूनच्या आत. मी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटले. नंतर लक्षात आलं की ती कपाटासमोर उभी राहून पुस्तकं दोन बोटांच्या चिमटीत धरून बघायची, जाडी किती आहे ते, आणि सगळ्यात पातळ असेल ते उचलायची. सायकल आली, चार्ट उतरला, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिने एका पुस्तकाला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाली, "आता कशाला? सायकल तर मिळाली." तिचं काय चुकलं सांगा, मीच तिला शिकवलं होतं की पुस्तक वाचणं हे सायकलीसाठी करायचं काम आहे.

पुढे खूप वर्षांनी कळलं की ही गोष्ट लोकांनी तपासून बघितलेली आहे. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत ज्या मुलांना मुळातच स्केचपेननी चित्रं काढायला आवडायचं अशी मुलं निवडली, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, बाकीच्यांना असं काही कबूल केलं नाही. नंतर आठवडा-दोन आठवड्यांनी ते स्केचपेन नुसते वर्गात ठेवून दिले आणि कोण किती वेळ चित्रं काढतं ते बघितलं. सर्टिफिकेटचं आमिष दाखवलेल्या मुलांनी इतरांच्या निम्म्यानेच वेळ चित्रात घालवला. म्हणजे आवड होती ती बक्षिसाने मारली. माझ्या चार्टवरची चांदणीसुद्धा सोनेरीच होती बरं का.

असो. आता तुमच्या पत्रातलं खरं वाक्य, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि मी तिथेच अडकून पडले. "दुसरीत त्याला स्वतःला वाचता यायला लागलं तसं मी वाचून दाखवणं थांबवलं." बाई, तुमचं चुकलंच असेल कुठे तर तिथे. टायमर आणि वही हे नंतरचं, ती औषधं आहेत, आजार तिथला.

जरा त्याच्या बाजूने बघा. सहा-सात वर्षांचा मुलगा, रोज रात्री आईच्या कुशीत पडून समुद्री चाचे, राक्षस, हरवलेलं जहाज असलं काय काय ऐकतोय. कानाने त्याला सगळं समजतंय, कारण ऐकून समजणं हे वाचून समजण्याच्या कितीतरी पुढे असतं त्या वयात. आणि एक दिवस आई म्हणते, आता तुझं तू वाच. आता त्याला स्वतःला वाचता काय येतंय? "माऊ आली. माऊने दूध प्यायले. माऊ पळाली." म्हणजे काल रात्रीपर्यंत जहाजावर होता, आज माऊ! वर ती माऊसुद्धा बोट ठेवून, अक्षर लावत, घाम गाळून वाचायची, आणि आईची कूस पण गेली ती गेलीच. वाचता यायला लागल्याची शिक्षाच झाली की ही त्याला. आपण सगळेच असं करतो, अगदी प्रेमाने करतो, शाबासकी देऊन करतो.

म्हणून माझा सल्ला एकच, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. पुन्हा वाचून दाखवायला लागा. साडेनऊ वर्षांच्या मुलाला, हो. पुढे बारा-तेराचा होईपर्यंत तो ऐकतोय तोवर वाचा.

तो पहिल्या दिवशी म्हणेल, "मी काय बाळ आहे का?" तेव्हा समजावत बसू नका. "तुझ्यासाठी नाही रे, मला वाचायचंय, तू तुझं काय ते कर" म्हणायचं आणि त्याच्या खोलीत बसून मोठ्याने वाचायला लागायचं. त्याला चेंडू भिंतीवर आपटू दे, लेगो करू दे, छताकडे बघत लोळू दे. हात कामात असले की कान मोकळे असतात. आवाज बदलून नाटक करायची अजिबात गरज नाही, काही आया इतका अभिनय करतात की पोरगं त्यांच्याकडेच बघत बसतं, गोष्ट राहते बाजूला. सरळ वाचा, पण जरा सावकाश, आपल्याला वाटतं त्याहून सावकाश. रोज पंधरा मिनिटं पुरे. आणि थांबायचं कुठे, तर प्रकरण संपल्यावर नाही, प्रकरणाच्या ऐन मध्यात, विहिरीत वाकून बघणाऱ्याचा पाय घसरतो तिथे. पुस्तक मिटायचं, "मला भाकरी टाकायच्यात" म्हणून उठायचं, आणि पुस्तक तिथेच ठेवायचं, कपाटात नाही, हाताला येईल असं.

हे मला कुणी शिकवलं नाही, लोडशेडिंगने शिकवलं. त्या चार्टच्या पुढच्या वर्षी आमच्याकडे रोज संध्याकाळी दोन-दोन तास लाइट जायची, टीव्ही बंद, पोरगी चिडचिडी. मी इमर्जन्सी लॅम्पसमोर बसून एका ओसाड वाड्याची गोष्ट वाचत होते, आपली मनात, तर ती म्हणाली मोठ्याने वाच ना, बोअर होतंय. मग रोजचंच झालं ते. एका संध्याकाळी पोरं वाड्याच्या तळघरात उतरली आणि खटकन लाइट आली. मी सवयीने पुस्तक ठेवलं, कुकर लावायला गेले. टीव्हीचा आवाज काही येईना. दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर ती तशीच जमिनीवर, पंखा चालू, ट्यूब चालू आणि ती इमर्जन्सी लॅम्पसुद्धा तशीच चालू, पुस्तक मांडीवर आणि बोट ओळीवर. मी काहीही बोलले नाही. एवढं एक शहाणपण मला त्या दिवशी सुचलं, "अगोबाई वाचतेयस का" असं काही म्हटलं असतं तर लगेच मिटवलं असतं तिने.

आता मराठीचं. मराठी नको म्हणतो म्हणजे मराठीचा राग आहे असं वाटून घेऊ नका. २०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची झाली ते ठीक, पण शाळेतली मराठी म्हणजे त्याच्या लेखी अजून एक पेपर. शिवाय त्याची अडचण खरोखरची आहे. दिवसभर तो इंग्लिश वाचतो, तिथे अक्षरं एका ओळीत एकापुढे एक. आपल्याकडे रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा मात्र त्या अक्षराच्या आधी, म्हणून मुलं "सूर्य"चं "सूय्र" करतात. मग जोडाक्षरं, कुऱ्हाडीतला तो ऱ्ह बघून तर मोठी माणसंसुद्धा थबकतात. आणि च-ज चे दोन-दोन उच्चार. बालविभागातला एक मुलगा मोठ्याने वाचत होता, "राजाने सारे जग जिंकले", त्याने जग वाचलं ते पाण्याच्या जगातलं, आणि वाचून झाल्यावर निरागसपणे विचारलं, "एवढे जग घेऊन काय केलं त्याने?" कुठे कसं वाचायचं हे लिपीत लिहिलेलं नसतं हो, कानावरून गेलेलं असलं तरच कळतं. मराठी कानावर पडल्याशिवाय डोळ्यांना वाचता येणार नाही, म्हणून इथेही परत तेच, वाचून दाखवा.

अजून एक लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट. आपल्या घरात आपण बोलतो "पाणी प्यायलं, झोपलं, सगळं संपलं" आणि पुस्तकात असतं "पाणी प्यायले, झोपले, सगळे संपले". शिवाय परंतु, तथापि, अन्यथा. मराठी शाळेत गेलेल्याला हे खटकत नाही, या मुलाला ती परकी भाषा वाटते, कुणीतरी कीर्तनाला उभं राहिल्यासारखी. त्यामुळे सुरुवातीला मुद्दाम बोलीत लिहिलेली पुस्तकं निवडा, पहिल्या पानावर "गेलं-आलं" दिसतंय का एवढं बघा. आणि तुमच्या लहानपणचं लाडकं पुस्तक लगेच त्याच्या गळ्यात मारू नका, ते तुम्हाला आवडलं होतं कारण तुम्ही तेव्हा दहा वर्षांच्या होतात आणि बाहेर पाऊस पडत होता. ते तुम्ही वाचून दाखवायला घ्या, अवघड वाक्य वाचता वाचता सोपं करून टाका, कुणी पोलीस येत नाही.

तो वाचत असताना अडला तर शब्द सांगून मोकळं व्हायचं. "नीट बघ, रफार कुठे आहे? काल सांगितलं होतं ना?" हे नको. सूर्य, हं, पुढे. बस. ड्रायव्हिंग शिकताना शेजारी बसून दर वळणावर हाय हाय करणारा नवरा आठवा म्हणजे कळेल.

फुकटात मिळणाऱ्या दोन गोष्टी सांगते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांनी नेटवर ठेवलेत, कुणीही बघावेत. तुम्ही दोघांनी लहानपणी वाचलेला अंक शोधा आणि तुम्हीच वाचत बसा, त्यातली चित्रं बघून "अरे हे!" असं तुमच्या तोंडून आपोआप निघेल तेव्हा तो डोकावेल, नाही डोकावला तर तुमची संध्याकाळ चांगली गेली. दुसरं म्हणजे प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट, तिथे गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी इंग्लिशमध्येही आहेत आणि मराठीतही. त्याने आधी इंग्लिशमध्ये वाचलेली गोष्ट मराठीत उघडून द्या, गोष्ट माहीत असल्यामुळे निम्मं ओझं उतरतं. पण हे स्क्रीनवरचं, त्यामुळे दिवसाउजेडी, झोपताना नको.

कॉमिक्स आणि क्रिकेटबद्दल तुम्ही "फक्त" असा शब्द वापरलाय. तो "फक्त" काढून टाका. तुम्ही म्हणता वाचत नाही आणि त्याच पत्रात लिहिता क्रिकेटचं वाचतो, मग वाचतो की! कुणाचं किती अ‍ॅव्हरेज, कुठल्या साली कुठे खेळला, हे तो स्वतःहून, कुणी न सांगता, पुन्हा पुन्हा वाचतो, यालाच तर आनंदासाठी वाचणं म्हणतात. माझे आजोबा म्हणायचे चांदोबा वाचून पोरं बिघडतात, त्या वेताळाच्या गोष्टी वाचून आम्ही बिघडलो असू तर बिघडलो. मराठी पेपरचं शेवटचं खेळाचं पान रोज त्याच्या ताटाशेजारी ठेवा, घडी घालून, काही न बोलता. कालची मॅच त्याने बघितलेलीच असते, त्यामुळे "त्रिफळा" आणि "झेल" त्याला अंदाजाने लागतील, अगदीच अडला तर बाबांना विचारेल. बाबांचा तुमच्या पत्रात फारसा उल्लेख नाही म्हणून म्हणते, बाबांनाही कामाला लावा. घरात पुरुषमाणूस वाचताना दिसलं की मुलग्यांना पटतं, हे मी काउंटरवर बसून बघितलंय, वडिलांबरोबर येणारी पोरं स्वतःचं पुस्तक स्वतः शोधायची. आणि रात्री दोघांच्या हातात मोबाइल आणि पोराला म्हणायचं पुस्तक घे, हे त्याला दिसत नसेल असं समजू नका.

शेजारची मुलगी वाचते तर वाचू दे बिचारीला. तिचं नाव घरात काढणं आजपासून बंद.

वाचनालय. तुम्ही ठाण्यात राहता, तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, शंभर पावसाळे ओलांडून गेलेलं, आणि ते नाही तर घराजवळचं कुठलंही. त्याच्या स्वतःच्या नावाचं कार्ड काढा. तुमच्या कार्डावर नाही, त्याच्या. आणि कपाटासमोर तो उभा असताना तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, हे मी अगदी शब्दशः सांगतेय. बालविभागात मी रोज बघायचे, मुलाचा हात भुताच्या पुस्तकावर आणि आईचा हात थोरांच्या चरित्रावर, आणि घरी जायचं चरित्र. "हे नको, यात नुसती चित्रंच आहेत", "हे तर मागच्या आठवड्यात नेलं होतं ना". नेलं होतं तर परत नेऊ दे! एकच पुस्तक नऊ वेळा नेणारी पोरं माझ्याकडे होती, त्यांना ते पाठ असायचं आणि तरी न्यायची, आपण नाही का तेच गाणं परत परत लावत. आणि आणलेलं पुस्तक पाच पानांत कंटाळवाणं वाटलं तर परत करायची पूर्ण मुभा, "आणलंस ना, मग संपव" हे ताटातल्या भाजीला ठीक आहे.

मे महिन्यात महाबळेश्वरला जायचा बेत असेलच कुणाचा तरी, तर पाचगणीजवळ भिलारला एक दिवस थांबा. स्ट्रॉबेरीचं गाव, २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय, लोकांच्या घरांत, अंगणात, देवळात पुस्तकांची कपाटं आहेत, जाऊन बसायचं आणि वाचायचं, कुणी विचारत नाही. तिथे नेऊन पुन्हा "बघ लोक कसे वाचतात" सुरू करणार असाल तर मात्र नुसती स्ट्रॉबेरी खाऊन या.

एक गोष्ट आधी करून टाका, त्याचे डोळे तपासून घ्या. आणि वाचताना ओळी सुटतात, सारखी सारखी तीच अक्षरं उलटसुलट होतात, फळ्यावरचं उतरवताना फार वेळ लागतो असं काही असेल तर शाळेतल्या बाईंशी बोला, गरज वाटली तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. बहुतेक तसं काही नसेल, क्रिकेटचे आकडे धडाधड वाचतोय म्हणता, पण मनातून किडा जाईल.

टायमर स्वयंपाकघरात परत न्या, अंडी उकडायला लागतो. वहीतलं लिहिलेलं तसंच राहू दे, कोरी पानं त्याला देऊन टाका, स्कोअर लिहायला. आणि ते साठ रुपयांचं पान जपून ठेवा हो, त्याच्या लग्नात वाचून दाखवता येईल. कार्ड काढायला जाण्याआधी वाचनालयात फोन करून अनामत किती, फोटो किती लागतात आणि सुट्टी कुठल्या वारी असते ते विचारून घ्या, नाहीतर हौसेने घेऊन जायचं आणि दाराला कुलूप, मग पुढच्या वेळी तो काही यायचा नाही तुमच्याबरोबर.